सुट्टी संपल्यावर

रविवार, रात्र
अंबाला छावणी

हे काल पहाटेच्या गाडीनं पलटणीत परत गेले. जवानाला वर्षाला 60 दिवस वार्षिक रजा आणि 30 दिवस कॅज्युअल. गावाकडं हा आकडा ऐकून लोक म्हणतात, "बरीच की हो सुट्टी!" पण ती तुकड्यातुकड्यानं मिळते आणि त्यातली निम्मी शेताच्या कामात, कुणाच्या लग्नात, सासूबाईंच्या डोळ्यांच्या तपासणीत जाते. पोरांच्या वाट्याला येतात ते उरलेले दिवस.

पलटण फील्डला, म्हणजे कुटुंब सोबत नेता येत नाही अशा भागात, गेल्यापासून पोरांना घेऊन मी इथंच राहिले आहे. लोक कौतुकानं म्हणतात, "तू आई आणि बाप दोन्ही झालीस." त्यांचा हेतू चांगला असतो, पण मला ते पटत नाही. मी बाप होत नाही, व्हायचंही नाही. मी ह्यांची जागा मोकळी ठेवते, आणि हे काम बाप होण्यापेक्षा अवघड आहे. थोरलीला सायकल शिकवणं मला सहज जमलं असतं, पण ते मी ह्यांच्यासाठी राखून ठेवलं. या सुट्टीत परेड ग्राउंडच्या कडेच्या रस्त्यावर हे तिच्या मागं धावले. तिचा गुडघा फुटला, रडली, पुन्हा बसली. मी लांब उभी राहिले. पुढं न जाण्याला फार बळ लागलं.

सुट्टीचे पहिले दिवस मात्र नेहमीच कठीण. धाकट्यानं बाटली कधीच सोडली, हे ह्यांना माहीत नव्हतं. थोरली परवानगी मागायला माझ्याकडंच येते आणि ह्यांचा चेहरा उतरतो. मग मी मुद्दाम म्हणते, "पप्पांना विचार." चार दिवसांनी ती आपणहून विचारायला लागते आणि तेवढ्यात बॅग भरायची वेळ येते.

बुधवार

आज शाळेतून आल्यावर थोरलीला मराठी लिहायला बसवलं. तिच्या केंद्रीय विद्यालयात हिंदी आणि इंग्रजी आहे, मराठी नाही. लिपी एकच, त्यामुळं वाचते भराभर, पण "शाळा"ला "शाला" म्हणते आणि सासूबाईंना फोनवर "दादीजी". त्यांना त्याचं काही वाटत नाही. मला वाटतं. मी मराठीची बी.एड. शिक्षिका. साताऱ्यात हायस्कूलच्या वर्गांना शिकवत होते, लग्नानंतर दोन छावण्यांतल्या शाळांत कंत्राटावर शिकवलं. एकीकडं वर्ष पुरं झालं, दुसरीकडं दुसरी सहामाही सुरू होण्याआधीच बदली आली. मुलांची नावं नुकती पाठ झालेली. सध्या माझी विद्यार्थिनी एकच, आणि तीही गृहपाठाला कंटाळते.

गेल्या मे महिन्यातली वही सापडली. 7 मे 2025 ला ऑपरेशन सिंदूर सुरू झालं, त्या रात्रींची. अंबाल्यात ब्लॅकआउट होता. अंधार पडायच्या आत पोळ्या लाटून, पोरांची जेवणं उरकून मी खिडक्यांना चादरी ठोकत होते. उकाडा असह्य, धाकटा अंगावर पिणारा, फोन कधी लागायचा, कधी नाही. हे कुठं आहेत ते विचारायचं नसतं, सांगायचंही नसतं. टीव्ही मी पूर्ण बंद ठेवला होता. पडद्यावर जे ओरडून सांगत होते, त्यातलं किती खरं हे मला कळत नव्हतं, पण आईच्या चेहऱ्यावरून पोरं सगळं वाचतात हे पक्कं कळत होतं.

शेजारची गढवाली भाभी तिची दोन मुलं आणि एक टॉर्च घेऊन आमच्याकडं झोपायला यायची. धाकट्याच्या वेळी माझ्या डिलिव्हरीलाही हीच धावली. युनिटची गाडी मला मिलिटरी हॉस्पिटलला घेऊन गेली तेव्हा थोरलीचा हात तिच्या हातात होता. आई पोचायच्या आधी पहिला शिरा तिनं केला, वरून तुपाची धार सोडून, तिच्या पद्धतीचा. बाळाचं नाव पलटणीच्या पार्ट टू ऑर्डरला, म्हणजे ह्यांच्या फौजेतल्या नोंदीत, चढेपर्यंत कागदांसाठी फोन तिनंच केले, कारण कार्ड, दवाखाना, पुढची शाळा सगळं त्यावर अवलंबून. माझ्या आईनं जाताना तिला साडी दिली आणि दोघी एकमेकींची भाषा न कळता रडल्या.

त्या रात्रींत थोरलीनं एकदाच विचारलं, "पप्पांकडं पण दिवे बंद आहेत का?" मी म्हटलं, "हो, पण त्यांना अंधारात चालता येतं." ती झोपली. मी पहाटेपर्यंत जागी होते. वहीत त्या रात्री घरखर्चाचा हिशेब आहे आणि खाली आठवीच्या व्याकरणाचं एक पाठ टाचण, पूर्ण लिहिलेलं. शिकवायला वर्ग नसताना मी ते लिहिलं. हात त्याच कामाकडं गेले.

शनिवार

पुण्यातल्या एका शाळेचं उत्तर आलं. सहावी ते आठवीसाठी मराठीच्या शिक्षिका हव्यात, मुलाखतीला या. केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा मी धाकट्याच्या आधीच दिली होती. 150 पैकी 90 लागतात, मला त्याहून बरेच जास्त होते आणि ते प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालतं. थोरलीची शाळा एका केंद्रीय विद्यालयातून दुसऱ्यात जाईल. या शाळा बदल्यांवर असणाऱ्यांच्या मुलांसाठीच तर निघाल्या. राहायला सेपरेटेड फॅमिली क्वार्टरसाठी, म्हणजे नवरा फील्डला असताना कुटुंबाला मिळणाऱ्या घरासाठी, अर्ज करावा लागेल, यादीत नंबर कधी लागेल ते बघायचं, तोवर भाड्याची खोली.

ह्यांना वाटत होतं मी साताऱ्याला घरी जावं. पोरांना आजी मिळेल, मला विसावा. ह्यांचं म्हणणं प्रेमाचंच आहे. फोनवर मी सांगितलं की या वेळी जागा निवडताना माझं कामही मोजायचं आहे. ह्यांची बदली ठरवताना मला कुणी विचारणार नाही आणि तशी माझी अपेक्षाही नाही. पण आम्ही कुठं राहायचं यात तरी माझं शिकवणं शेवटच्या ओळीत नको. रेंज तुटत होती. हे म्हणाले, "आईला विचार."

सासूबाईंना विचारायला मी घाबरत होते. ह्यांचा जन्म 1988 चा, तेव्हा सासरे शांतिसेनेसोबत श्रीलंकेत होते. मुलगा रांगायला लागल्यावर त्यांनी तो पहिल्यांदा पाहिला. सासूबाईंनी शेत, गुरं, सासू, बाळंतपण सगळं एकटीनं काढलं आणि त्याबद्दल कधी बोलत नाहीत. मला वाटलं म्हणतील, आम्ही केलं, तूही कर.

त्या म्हणाल्या, "माझ्यापाशी माझं शेत होतं गं. दिवसभर त्यात असले की मी कुणाची बायको, कुणाची आई, याची आठवणच येत नव्हती. तुझं शेत ते फळ्याचं आहे. जा तू. धाकट्याला मी येते सांभाळायला, पुण्यात नळाला पाणी तरी येतंय ना वेळेवर?"

मुलाखत पुढच्या गुरुवारी. एक तास वर्गात शिकवून दाखवायचं आहे, विषय विशेषणं. दोन्ही पोरांना भाभीकडं ठेवणार होते, पण थोरली म्हणते तिला बघायचंय. दोघींची तिकिटं स्वतः काढली. स्लीपर, खालचे दोन बर्थ.