बर्फातून आलेलं पाकीट

परवा टपाल आलं आणि समोरचा चहा तसाच गार झाला. पाकिटावर अंटार्क्टिकातल्या भारती या भारतीय संशोधन केंद्राचा शिक्का! गोल, काळाभोर, कुठेही न फाटता उमटलेला. तिथलं टपाल कार्यालय एप्रिल २०२४ मध्ये उघडलं, पिन एमएच-१७१८. तिकडची पत्रं वर्षातून एकदा गोव्याच्या ध्रुवीय संशोधन केंद्रात येतात आणि तिथून पुढे जातात. त्यामुळे वाट पाहणं हाही टपालाचे शिक्के जमवण्याच्या छंदाचाच भाग.

तरी माझं सगळ्यात लाडकं पाकीट दक्षिण गंगोत्री या अंटार्क्टिकातल्याच जुन्या भारतीय केंद्राचं आहे. एका प्रदर्शनात जुन्या पाकिटांच्या खोक्यात तासभर बोटं काळी केली तेव्हा ते सापडलं. १९८४ मध्ये तिथे टपाल कार्यालय सुरू झालं, पण पुढे केंद्रच बर्फाखाली जाऊ लागलं आणि १९९० मध्ये कार्यालय मैत्री या तिथल्या दुसऱ्या भारतीय केंद्रात हललं. ज्या खोलीत हा शिक्का मारला, ती आता बर्फाच्या पोटात! दुर्मीळ तिकिटांपेक्षा मला असे शिक्के जास्त मोलाचे वाटतात. तिकीट कुठेही विकत मिळतं, शिक्क्यासाठी मात्र पाकिटाला स्वतः तिथे जाऊन यावं लागतं.

आता दोन्ही पाकिटं अल्बमात समोरासमोर लावली आहेत. मधलं पान मैत्रीसाठी राखलंय.