पावसाळ्यातले बाळंतपण आणि ३६ लंगोट

डॉक्टरांनी प्रसूतीची तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली सांगितली तेव्हा आईच्या तोंडून पहिला प्रश्न निघाला तो हा: "म्हणजे ऐन पावसात. लंगोट वाळणार कुठं?" पहिले बाळंतपण माहेरी करायचे म्हणून मी सातव्या महिन्यात पुण्याहून कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या घरी आले होते आणि येताना मोबाईलमध्ये साठ-सत्तर वस्तूंची यादी उतरवून आणली होती. त्या यादीत बाटल्या निर्जंतुक करण्याचे यंत्र होते, ओल्या पुसण्यांचा डबा ऊबदार ठेवणारी पेटी होती, झुलती खुर्ची होती. पण कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये गॅलरीत टाकलेला कपडा तिसऱ्या दिवशीही दमट लागतो, याचा विचार तिच्यात कुठेच नव्हता. आईच्या प्रश्नानंतर मी ती यादी बाजूला ठेवली आणि कोऱ्या कागदावर हिशोब मांडायला बसले.

हिशोब साधा आहे, पण तो कोणी मांडून दाखवत नाही. जन्मानंतर चार-पाच दिवसांनी बाळ दिवसाला निदान सहा वेळा लघवी करू लागते, आणि अंगावरचे दूध पुरत असल्याची ती एक खूण मानली जाते. त्यात शीच्या वेळा धरल्या, रात्रीचे बदलणे धरले, तर दिवसाला १२ लंगोट सहज लागतात. उन्हाळ्यात सकाळी धुतलेला लंगोट दुपारी घडी करून ठेवता येतो, त्यामुळे १५ ते १८ पुरतात. आमच्याकडे वाळायला तीन दिवस धरायचे, म्हणजे १२ गुणिले ३, म्हणजे ३६. दुपट्यांचेही तसेच: एरवी सहा-सात पुरली असती, आम्ही १५ ठेवली. ज्यांचे बाळ डिसेंबरात किंवा मार्चात येणार आहे त्यांनी माझा आकडा उचलू नये. आपल्या घरात कपडा किती वेळात खडखडीत वाळतो ते पाहून आपला आकडा काढावा.

एवढे कापड आणायचे कुठून, हा पुढचा प्रश्न होता आणि तो नाजूक होता, कारण बाळ जन्माला येण्याआधी त्याच्यासाठी कपडे विकत आणायचे नाहीत, असा आमच्या घरचा दंडक आहे. मला सुरुवातीला तो अडचणीचा वाटला. मग एका संध्याकाळी आईने सांगितले की तिच्या आजीची दोन मुले पाचवीच्या आधीच गेली होती आणि त्यांच्यासाठी शिवून ठेवलेली टोपडी त्या माउलीने पुढे कित्येक वर्षे ट्रंकेत जपली होती. त्यानंतर मी त्या दंडकाविषयी वाद घातला नाही. आईनेच वाट काढली: घरातले जुने कापड ही खरेदी नव्हे, आणि मीटरवर घेतलेले कापड हे अजून कोणाचे अंगडे नव्हे. त्याप्रमाणे आजोबांची दोन धोतरे आणि आईच्या तीन विटलेल्या सुती साड्या फाडून २० लंगोट झाले, आणि बाकीच्यांसाठी व दुपट्यांसाठी मलमल आणायला आम्ही इचलकरंजीला गेलो. कोल्हापूरपासून तासाभराच्या अंतरावर यंत्रमागांचे एवढे मोठे गाव असताना गोंडस चित्रांच्या पाकिटातले तीन लंगोट चढ्या भावाने घेणे मला पटले नाही.

तिथल्या दुकानदाराने एक गोष्ट सांगितली ती आवर्जून लिहिते. विणताना ताण्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ दिलेली असते. गावात जागोजागी सायझिंगच्या पाट्या दिसतात त्या याच कामाच्या. ही खळ राहिलेले कापड ताठ असते आणि पाणी नीट शोषत नाही. म्हणून नवे कापड रात्रभर भिजवून निदान दोन-तीनदा धुतल्याशिवाय बाळाला वापरायचे नाही. पहिल्या बाळाला जुन्याचे घालावे असे बायका म्हणतात, त्यामागे हेच कारण असावे असे मला आता वाटते. वर्षानुवर्षे धुतलेल्या धोतराइतके मऊ आणि टिपणारे कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही. धुण्याला साधा साबण वापरला आणि कपड्यांना सुवास देणारी द्रावणे टाळली, कारण त्यांचा थर बसून कापड पाणी कमी टिपते. वाळवण्यासाठी माजघरात दोन दोऱ्या, एक घडीचे स्टँड आणि शेवटी इस्त्री, एवढ्यावर भागले. आईच्या काळी शेगडीवर टोपली पालथी घालून लंगोट वाळवत असत. बाळाच्या खोलीत धूर नको असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे आम्ही शेगडी आणली नाही आणि धुरीही दिली नाही.

तयार डायपरचे एकच लहान पाकीट घेतले होते. नवजात मापाचे डायपर साधारण पाच किलोपर्यंतच्या वजनाला बसतात आणि बाळ ते वजन दीड-दोन महिन्यांत ओलांडू शकते, त्यामुळे स्वस्त पडतात म्हणून या मापाचा मोठा साठा करू नये. रात्र, प्रवास आणि सहाव्या, दहाव्या, चौदाव्या आठवड्यांच्या लसी, एवढ्यापुरते आम्ही ते वापरले.

झोपण्याच्या जागेवर मात्र बरीच चर्चा झाली. आजीच्या नऊवारी लुगड्यांची जाड वाकळ घरात होती; मे महिन्यात ती दोन दिवस उन्हात घातली आणि पाळण्यात तीच अंथरली. डॉक्टरांचे म्हणणे स्पष्ट होते: बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट अंथरुणावर निजवायचे, जवळ उशी, तक्के, सैल पांघरुणे काहीही ठेवायचे नाही. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वासाला अडथळा होण्याची भीती असते, म्हणून झोळी रद्द केली. पण सासूबाईंनी डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी स्वतःच्या हाताने शिवून पाठवली होती, आणि त्यांना नको म्हणणे मला फार जड गेले. मी फोन करून डॉक्टरांनी सांगितले ते जसेच्या तसे त्यांना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, "मोहरी काढून घे, अभ्रा मात्र टाकू नकोस." तो अभ्रा उसवून आईने त्याचा पहिला लंगोट शिवला आणि तो त्यांच्या नातीला त्यांनीच बांधला.

दुधाची बाटली घेतली नाही. बाटली आणि डब्यातले दूध यांची जाहिरात करायला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, हे मला या निमित्ताने कळले. तरीही भेट म्हणून बाटली येतेच. आलेली बाटली कपाटात राहिली. पहिले तीन दिवस मला दूध कमी वाटत होते तेव्हा नर्सने ते काढून वाटी-चमच्याने कसे पाजायचे ते शिकवले. घरातले चांदीचे बोंडले आईने काढले होते, परंतु त्याच्या चोचीच्या आत ब्रश जात नाही, आणि उकळलेली साधी स्टीलची वाटी बोंडल्यापेक्षा निर्धोक वाटली.

पुराचा विचार कोल्हापुरात वेगळा करावा लागतो. पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. आमच्या गल्लीत पाणी येत नाही, पण २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला होता, आणि तसे झाल्यास पुण्याहून नवराही येऊ शकला नसता, मागवलेली वस्तूही नाही. म्हणून डिजिटल थर्मामीटर, घडीची मच्छरदाणी, नखांची लहान कात्री, बाळंतिणीचे पॅड आणि पंधरा दिवसांचा साबण मी जूनमध्येच आणून ठेवला. यांतला थर्मामीटर सर्वांत महत्त्वाचा, कारण तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० अंश फॅरनहाइटच्या वर थोडा जरी ताप गेला तरी घरगुती उपाय न करता लगेच दवाखाना गाठायचा असतो.

झबली मुलगी झाल्यावर नवऱ्याने महाद्वार रोडवरून आणली. सहाच, पुढून बांधायची, कारण डोक्यातून घालायच्या कपड्याला बाळाची मान सावरत नाही. पावडर, काजळ आणि मध या तिन्ही गोष्टी बाळंतविड्यात आल्या होत्या आणि तिन्ही वापरल्या नाहीत; मध तर वर्षाच्या आत देऊच नये. वॉकर घेण्याचा प्रश्न पुढे येईल तेव्हाही माझे उत्तर नाही असेच असेल. कॅनडाने २००४ मध्ये त्यांच्या विक्रीवरच बंदी घातली आहे.

वाळे बारशाला भावाने गुजरीतून, म्हणजे इथल्या सराफ बाजारातून घेतले, हुपरीच्या चांदी कारागिरांच्या हातचे. घुंगरू गळून बाळाच्या तोंडात जाऊ नये म्हणून त्याने बिनघुंगरांचे मागितले आणि टोके घासून घेतली. मुलगी आता पाच महिन्यांची आहे आणि ते वाळे तिने पायातून ओढून काढायला सुरुवात केली आहे, त्यामुळे सध्या ते डब्यात आहेत. पुढच्या महिन्यात उष्टावण आहे. त्यासाठी मऊ कडांचा एक चमचा आणि गळ्यात बांधायच्या चार लाळेऱ्या आणायच्या आहेत, आणि लाळेऱ्यांना कापड अजून त्याच धोतराचे उरले आहे.