धूळ, फिल्टर आणि तक्त्याखालची टीप

आमच्या सोसायटीच्या मागे रेडीमिक्स काँक्रीटचा प्लँट आला आणि वर्षभरात लोकांनी गॅलरीत कपडे वाळत घालणं सोडून दिलं. तक्रार करायचं ठरलं तेव्हा बी विंगेतल्या काकांनी ऑनलाइन मागवलेल्या छोट्या यंत्राचा फोटो ग्रुपवर टाकला. पडद्यावर भला मोठा लाल आकडा. तोच अर्जाला जोडला. अधिकाऱ्यांनी अर्ज शांतपणे वाचला आणि एवढंच विचारलं, "हा आकडा किती तासांचा?"

पुढचा सगळा खटाटोप या प्रश्नातून निघाला.

आपल्याकडचे हवेचे निकष केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नोव्हेंबर २००९ मध्ये अधिसूचना काढून जाहीर केले. पीएम १० म्हणजे हवेतले साधारण १० मायक्रॉनपर्यंतचे कण, पीएम २.५ म्हणजे त्याहून बारीक, २.५ मायक्रॉनपर्यंतचे; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पीएम १० साठी २४ तासांची सरासरी घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, वर्षाची ६०. पीएम २.५ साठी २४ तासांची ६०, वर्षाची ४०. सकाळी सव्वासातला किती असावं, याला मर्यादाच नाही. शिवाय काकांचं यंत्र धूळ तोलत नाही. कणांवरून विखुरलेल्या प्रकाशावरून अंदाज बांधतं. पहाटेच्या दमट हवेत कण ओलावा शोषून फुगतात आणि अंदाजही फुगतो. काकांना हे पटवणं हा वेगळाच अध्याय, तो इथे नको.

मग मान्यताप्राप्त प्रयोगशाळा शोधली आणि वर्गणी काढली. आमची कल्पना अशी की यंत्र बाराव्या मजल्याच्या गच्चीवर ठेवायचं, म्हणजे प्लँट समोर दिसतो. तंत्रज्ञ मुलगा वर आला, चारी बाजूंना पाहिलं आणि खाली उतरला. हवा आत घेणारं तोंड जमिनीपासून ३ ते १० मीटरवर हवं, झाडं २० मीटर तरी लांब हवीत आणि चारपैकी तीन बाजूंनी वारा मोकळा हवा. शेवटी क्लब हाउसचं छत ठरलं. दुसरं यंत्र त्याने वाऱ्याच्या उलट बाजूला, प्लँटच्या पलीकडच्या एका शाळेवर ठेवायला सांगितलं. खर्च दुप्पट होणार म्हणून कमिटीत वाद झाला. पण त्याचं म्हणणं सरळ होतं: "हिवाळ्यात अख्ख्या शहराची हवा खराब असते. तुमची धूळ प्लँटचीच कशावरून, असं विचारलं तर काय दाखवाल?" हा खर्च सर्वात कारणी लागला.

यंत्राचा आवाज मात्र कोणी सांगितला नव्हता. पीएम १० चं यंत्र मिनिटाला घनमीटरभर हवा ओढतं आणि रात्रभर घोंघावतं. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री दहा वाजता फिल्टर बदलायचा. तळमजल्यावरच्या आजींनी दहाच्या फेरीला खिडकी उघडून विचारलं, "हा पंखा कधी बंद करणार रे?"

प्रयोगशाळेतल्या केमिस्ट मॅडमनी मला वजनाची खोली दाखवली. फिल्टर कोरा असतानाच क्रमांक घालून, दिवसभर कोरड्या जागी ठेवून तोलतात आणि धूळ बसल्यावर पुन्हा तसाच सुकवून तोलतात. दोन वजनांतली तफावत भागिले ओढलेली हवा, एवढंच गणित. पण पीएम २.५ चं यंत्र तासाला एकच घनमीटर हवा घेतं. म्हणजे २४ तासांत २४ घनमीटर, आणि मर्यादेइतकी धूळ असली तरी फिल्टरवर दीड मिलिग्रॅमसुद्धा भरत नाही. बोट लागलं की अहवाल बिघडला. चिमट्याशिवाय कोणी फिल्टरला हात लावत नव्हतं.

मी विचारलं, "१० मायक्रॉनपेक्षा मोठे कण गाळता कसे?" मॅडम हसल्या. अधिसूचनेत "१० मायक्रॉनपेक्षा लहान" असं सुटसुटीत लिहिलंय, पण अशी चाळणी कुठे नसते. हवा आत गरगर फिरवतात, जड कण खालच्या कपात पडतात, हलके फिल्टरवर जातात. नेमक्या १० मायक्रॉनच्या कणांपैकी साधारण निम्मे इकडे, निम्मे तिकडे. आणि हा व्यास पट्टीने मोजलेला नसतो. पाण्याइतक्या घनतेचा केवढा गोल कण त्याच वेगाने खाली येईल, त्यावरून ठरतो. सिमेंट पाण्याच्या तिपटीहून जड, त्यामुळे त्याचा जेमतेम साडेपाच-सहा मायक्रॉनचा कण यंत्राला १० चा वाटतो. आमच्या प्रकरणात हे ऐकून बरं वाटलं, का ते सांगता येणार नाही.

अहवाल हातात आला तेव्हा पहिल्या दिवशी आमच्याकडे पीएम १० शंभराच्या बराच वर होता, शाळेवर मर्यादेच्या आत. पीएम २.५ दोन्हीकडे जवळपास सारखाच. ज्वलनाचा धूर बहुतेक बारीक कणांचा असतो. दळलेली, उडालेली धूळ जाड. म्हणजे संशयाची सुई बरोबर फिरत होती. कमिटी खूश. मॅडमनीच पाणी ओतलं: वर्षातले २ टक्के दिवस मर्यादा ओलांडायची मुभा निकषातच आहे, तेव्हा एका दिवसाने उल्लंघन सिद्ध होत नाही.

मी घरी येऊन ती अधिसूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. सगळे तक्ता पाहतात, त्याखालची टीप कोणी वाचत नाही. ती सांगते की मोजणीच्या सलग दोन दिवशी मर्यादा ओलांडली गेली, तर नियमित मापन आणि पुढची चौकशी सुरू करायला तेवढं कारण पुरेसं आहे. आणि आमच्या तंत्रज्ञाने दोन दिवस लागोपाठच मोजणी केली होती! दुसऱ्या दिवसाच्या अहवालासाठी मी थांबलो. पीएम १० पुन्हा वर.

नव्या अर्जात प्रदूषणाने हैराण वगैरे काही लिहिलं नाही. दोन्ही जागांचे आकडे, वाऱ्याची दिशा, मापनपद्धत म्हणून आयएस ५१८२ या भारतीय मानकाचे भाग २३ आणि २४, आणि ती टीप जशीच्या तशी. या वेळी तासांचा प्रश्न आला नाही, पाहणीची तारीख आली. अधिकाऱ्यांनी स्वतःचं मापन केलं. त्यानंतर प्लँटच्या कडेने उंच पत्रे लागले, मिक्सरची चाकं धुऊन बाहेर सोडायला सुरुवात झाली. धूळ कमी झाली आहे, गेलेली नाही.

प्लँटच्या संमतिपत्राची, म्हणजे प्रदूषण नियंत्रण मंडळाने प्लँट चालवायला दिलेल्या परवानगीची, प्रत आता माहितीच्या अधिकारात मागितली आहे. हवेचं मापन त्यांनी स्वतः किती वेळा करायचं, याची अट त्यात आहे का ते पाहू. असली, तर त्यांचेही अहवाल मागवायचे आहेत, फिल्टरच्या वजनांच्या नोंदींसकट.