घराण्यात कुणालाच नव्हतं, मग आमच्या मुलाला कुठून आलं?

मी जनुकीय समुपदेशनाचं काम करते, म्हणजे जनुकांतल्या चुकांमुळे होणाऱ्या आजारांबद्दल कुटुंबांना समजावून सांगते. समोर बसलेले आईबाप, बरोबर आलेली आजी, कधी नुसतेच फोन करणारे काका, सगळे शेवटी एकाच प्रश्नावर येतात. लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनीही तोच विचारला होता. तुमच्याही मनात तो असेल, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

प्रश्न असा : "आमच्या घराण्यात सात पिढ्यांत असं कुणाला झालं नाही. मग याला कसं झालं?"

माझं पहिलं म्हणणं असं की मुलांच्या मेंदू-स्नायूंच्या जनुकीय आजारांपैकी बऱ्याच आजारांत "घरात कुणालाच नाही" हेच नेहमीचं चित्र असतं. त्यावरून आजार जनुकीय नाही असं ठरत नाही. शिवाय आपण घराणं मोजतो ते बापाच्या बाजूने. आडनाव, कुलदैवत, गोत्र, छापलेला कुलवृत्तांत या सगळ्यांत मुलगी लग्न होऊन गेली की तिची फांदी तिथेच संपते. आजार मात्र पुष्कळदा नेमक्या त्याच फांदीवरून पुढे जातो.

ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफीचंच घ्या, म्हणजे मुलग्यांचे स्नायू हळूहळू झिजवणारा आजार. मी सगळ्यात जास्त कुटुंबं याच आजाराची पाहते. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो. मूल जन्मतः गुटगुटीत असतं. चालायला थोडं उशिरा लागतं, पण "मुलगे उशिराच चालतात" म्हणून कुणी मनावर घेत नाही. तीन-चार वर्षांचा झाला की तो चवड्यांवर चालतो, डुलत चालतो, जिना चढताना कठडा सोडत नाही. पोटऱ्या मात्र टणक आणि भरलेल्या दिसतात, म्हणून आजोबा कौतुकाने म्हणतात, पैलवान होणार. जमिनीवरून उठताना तो आधी ओणवा होतो, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर टेकत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहतो. लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी 1879 साली या उठण्याचं वर्णन केलं आणि आजही त्या खुणेला त्यांचंच नाव आहे. ती ओळखायला कुठलंही यंत्र लागत नाही. बालवाडीच्या बाईही ओळखू शकतात, आणि काही वेळा त्यांनीच पहिल्यांदा ओळखलेलं असतं.

इथे एक आडवाट मी पुन्हा पुन्हा पाहते. कुठल्यातरी तापात रक्त तपासतात, एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं येतं आणि मुलाच्या मागे लिव्हरची औषधं लागतात. वर्ष-दीड वर्ष पथ्य, काढे, काविळीचं झाडपाल्याचं औषध. ही दोन्ही द्रव्यं स्नायूंतही असतात आणि स्नायू झिजला तरी रक्तात वाढतात. अशा वेळी सीपीके ही रक्ताची साधी तपासणी केली की उलगडा होतो. एरवी शे-दोनशेच्या आत असणारा तो आकडा या मुलांत हजारोंत जातो. डोळे पिवळे नाहीत, भूक चांगली, तरी एसजीपीटी वाढलेलंच, आणि मुलगा जिना चढताना दमतो, असं दिसलं तर सीपीके मागून घ्यायला संकोच करू नका.

आता कुठून आलं ते. स्नायूंच्या पेशींना आधार देणारं डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन असतं. त्याचं जनुक एक्स या गुणसूत्रावर आहे. मुलीला एक्स दोन असतात, मुलाला एकच आणि तो आईकडून आलेला. आईच्या एका एक्सवर चूक असली तरी दुसरा काम भागवतो, त्यामुळे तिला बहुधा काही जाणवत नाही. तिच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी तिच्यासारखीच वाहक, म्हणजे स्वतः बरी पण चूक पुढे देऊ शकणारी, असण्याची शक्यताही निम्मी. वाहक आजी, वाहक आई अशी ही साखळी दोन-तीन पिढ्या मुलींमधून मुकाट चालू शकते. मधल्या पिढ्यांत मुलगे कमी झाले, किंवा जे झाले त्यांच्याकडे ती चूक आली नाही, की कुणालाच पत्ता लागत नाही.

म्हणून मी वंशावळ काढते ती आईच्या बाजूने आणि खोदून खोदून. "मामा किती?" "दोन." "अजून कुणी होते का?" मग आजी सांगते, एक थोरला होता, पण त्याला पोलिओ झाला होता, अठराव्या वर्षी गेला. पोलिओ? पोलिओत तापानंतर चार-दोन दिवसांत पाय जातो आणि मग तो तेवढाच राहतो. हा मामा पाचव्या वर्षी पडायला लागला, अकराव्या-बाराव्या वर्षी बसला आणि दर वर्षी थोडा थोडा खंगत गेला. गावात तेव्हा पांगळेपणाला पोलिओशिवाय दुसरं नावच नव्हतं. दुसऱ्या एका घरात आईच्या मावशीच्या मुलालाही हेच होतं. पण त्यांचं आडनाव वेगळं, गाव वेगळं, आणि भाऊबंदकीच्या हिशेबात ते पाहुणे. दोन्ही घरं एकाच आजारासाठी वेगवेगळ्या देवांना नवस बोलत होती.

तरीही सुमारे एक तृतीयांश मुलांच्या आया वाहक नसतात. चूक त्या मुलातच, किंवा ज्या बीजापासून ते झालं त्यातच, पहिल्यांदा घडलेली असते. हे जनुक माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी एक, बावीस लाखांहून जास्त अक्षरांचं. तलाठ्याने जुनं दप्तर हाताने उतरवून काढावं तसंच हे आहे. दोन पानांचं दप्तर बिनचूक उतरेल, पण हजारो पानांचं असेल तर कुठेतरी ओळ गळणारच. इथेही बहुतेक वेळा असंच होतं, जनुकातला मजकुराचा एखादा तुकडाच गळलेला असतो.

नव्याने घडणाऱ्या चुका फक्त याच आजारात होत नाहीत. प्रत्येक मूल साधारण साठ-सत्तर नवे बदल घेऊन जन्माला येतं, जे आईबापांत नव्हते. तुमच्यात आहेत, माझ्यातही आहेत. बहुतेक कुठल्यातरी निरुपद्रवी जागी पडतात. एखादा नेमका मेंदूच्या कामाच्या जनुकात पडला की आजार होतो. रेट सिंड्रोम यातलाच. मुलगी वर्षभर नीट वाढते, एखाददुसरा शब्द बोलते, आणि मग बोलणं जातं, हातातली वस्तू धरणं जातं आणि ती सतत हात चोळत राहते. त्याचं जनुक 1999 साली सापडलं. जवळजवळ प्रत्येक मुलीत तो बदल नवा असतो. आणि असे नवे बदल जास्त करून बापाच्या बीजातून येतात, कारण पुरुषाचं बीज आयुष्यभर नव्याने तयार होत राहतं आणि वय वाढतं तशा चुकाही वाढतात. हे मी सांगितलं की खोलीत जरा शांतता होते. तोवर सगळ्यांचे डोळे सुनेकडे लागलेले असतात : तिचा पायगुण, तिच्या माहेरचं रक्त, ग्रहणात तिने काहीतरी चिरलं होतं. बापाच्या बाजूने काही आलं असेल ही कल्पनाच कुणाला शिवलेली नसते. त्यात बापाचाही दोष नाही, हे लगेच सांगावं लागतं. नाहीतर घरी गेल्यावर भांडणाची फक्त बाजू बदलते.

तिसरा मार्ग दोघांकडून येणारा. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए, हा त्यातला. यात पाठीच्या कण्यातल्या चेतापेशी मरतात आणि स्नायू दुबळे होत जातात. 2021 साली सोळा कोटींच्या इंजेक्शनच्या बातम्या आल्या, मुंबईतल्या बाळासाठी देशभरातून पैसे जमले, तो आजार. साधारण चाळीस ते साठ माणसांमागे एक जण त्याचा वाहक असतो. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता. "प्रत्येक" हा शब्द मी दोनदा म्हणते, कारण लोक हिशेब करतात की एक झालं, आता पुढची तीन सुटली. तसं नसतं. प्रत्येक वेळी गणित पहिल्यापासून सुरू होतं.

इथे मामाच्या मुलीचा विषय निघतोच. आपल्याकडे अनेक जातींत ते लग्न हक्काचं मानतात. गोत्र वेगळं असतं, त्यामुळे धर्मशास्त्रालाही अडचण नाही. पण सख्ख्या आतेमामे भावंडांमध्ये जनुकांचा आठवा हिस्सा एकाच आजीआजोबांकडून आलेला असतो. एसएमएसारख्या दोन्हीकडून येणाऱ्या आजारांची शक्यता त्यामुळे वाढते. म्हणून अशा प्रत्येक घरात आजारी मूल होतं असं मुळीच नाही, बहुतेकांची मुलं ठणठणीत असतात. पण लग्न ठरवताना पत्रिकेतली नाड पाहतो आणि एक आजी दोघांची आहे हे सोडून देतो, हे मला पटत नाही. ड्यूशेनशी मात्र नात्यातल्या लग्नाचा संबंध लागत नाही, कारण तिथे आईचा एक एक्स पुरेसा असतो.

आणि रक्तगट. "आमचा दोघांचा बी पॉझिटिव्ह आहे, म्हणून झालं का?" नाही. नवराबायकोचा रक्तगट एक असण्याने मुलाला यातलं काहीही होत नाही. या एका गैरसमजापायी चांगली स्थळं मोडलेली पाहिली आहेत.

मग एवढी खोदाखोद करायची कशाला, असंही लोक विचारतात. औषध नाही तर नाव कळून उपयोग काय? उपयोग असतो. ड्यूशेनमध्ये स्टेरॉइड वेळेवर सुरू केलं तर मूल जास्त काळ स्वतःच्या पायांवर चालतं, आणि हृदयाची तपासणी नियमित केली तर त्याचं औषध आधी सुरू करता येतं. ड्रावे सिंड्रोममध्ये पहिल्या वर्षातच तापाबरोबर लांबलचक झटके येतात. त्यात फेनिटोइन, कार्बामॅझेपिन ही फिट्सची नेहमीची औषधं त्रास वाढवू शकतात, म्हणजे नाव कळलं की गोळी बदलते. आणि काही थोडे आजार तर खरंच आटोक्यात येतात. विल्सन नावाच्या आजारात शरीरात तांबं साठतं, शाळेत चांगला असलेला मुलगा अडखळत बोलू लागतो, अक्षर बिघडतं. वेळेत ओळखलं तर औषधांवर तो नीट जगतो. संध्याकाळी पाय वाकडा पडतो आणि झोपून उठलं की बरा असतो, अशा एका डिस्टोनियात, म्हणजे स्नायू आपोआप आवळले जाण्याच्या आजारात, लेव्होडोपा या औषधाची अगदी थोडी मात्रा पुरते. अशी मुलं सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणी मेंदूला इजा होऊन आलेल्या पांगळेपणाच्या, शिक्क्याखाली वर्षानुवर्षं व्यायाम करत राहतात. सगळ्यांचं असं होत नाही, फार थोड्यांचं होतं. पण ते थोडे कोण, हे तपासल्याशिवाय कळत नाही.

खर्चाचं थोडक्यात. राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरण 2021 पासून आहे. त्याखाली ठरावीक आजारांना नेमलेल्या केंद्रांतून पन्नास लाखांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचं केईएम हे त्यातलं एक केंद्र. रांग मोठी आहे आणि एसएमएची औषधं या रकमेत आयुष्यभर पुरत नाहीत, हेही खरं.

मुख्य उपयोग मात्र पुढच्या बाळंतपणाचा, आणि तो फक्त या आईचा नाही. तिच्या बहिणीचा, मावशीच्या मुलीचाही. आजारी मुलाच्या रक्तातून नेमकी चूक सापडलेली असेल तरच गर्भाची तपासणी नीट होते : अकरा ते तेरा आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन, किंवा सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजलातून. कायद्याने बंदी लिंगनिदानाला आहे. जनुकीय आजाराची तपासणी नोंदणीकृत केंद्रात रीतसर करता येते. आईच्या रक्तात चूक सापडली नाही तरी पुढच्या वेळी गर्भाची तपासणी करून घ्या, असं मी सांगते. काही वेळा ती रक्तात नसते, पण काही बीजांमध्ये असते. आणि ड्यूशेनची वाहक असलेल्या बाईने स्वतःचा टू-डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही, अधूनमधून करावी, कारण तिच्याही हृदयावर परिणाम होऊ शकतो. हे तिला सहसा कुणी सांगत नाही. सगळं लक्ष मुलाकडे असतं.

वाहक असल्याचा रिपोर्ट मी आधी त्या बाईच्याच हातात देते, दार लावून. कुणाला सांगायचं ते तिने ठरवावं. सासूबाई बाहेर ताटकळतात, रागावतातही, चालतं. बहिणींना मात्र तिने सांगावं असा माझा आग्रह असतो आणि त्यासाठी लागेल ती चिठ्ठी मी लिहून देते. लग्नाच्या वयाच्या बहिणीचं काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. तिची तपासणी ती सज्ञान झाल्यावर तिच्या मर्जीने करावी, स्थळ बघायला लागण्याच्या घाईत नको. वाहक निघाली नाही तर सांगण्यासारखं काही उरत नाही. निघाली तर होणाऱ्या नवऱ्याला तिने स्वतः सांगावं, मध्यस्थाने नव्हे. त्यावर एखादं स्थळ मागे फिरेलही. सगळी फिरत नाहीत.

पहिल्या भेटीला येताना मुलाच्या जुन्या फायली आणा, आधीच्या सीपीके-एसजीपीटीच्या रिपोर्टसकट. तो जमिनीवरून उठतानाचा आणि जिना चढतानाचा मोबाइलवरचा व्हिडिओ आणा. आणि जमलं तर आईच्या आईला बरोबर घेऊन या. गेलेल्या मुलांची नावं तिलाच आठवतात.