वारीच्या वाटेवर रुतलेलं नख

गोव्यातल्या साखळीच्या विठ्ठलापुरात वाळवंटी नदीच्या काठी पांडुरंगाला हात जोडून आम्ही निघतो. केरीपर्यंत पायांची आठवण कुणालाच नसते. चोर्ला घाटात आषाढाचा पाऊस बुटांत शिरला की मग ती येते. भिजून कातडी मऊ पडते आणि अंगठ्याच्या नखाची कड तिच्यात सहज घुसते. नख कोपऱ्यात गोल, खोल कापून आलेले वारकरी तर हमखास आमच्या औषधाच्या पेटीपाशी लंगडत येतात. आत राहिलेलं टोक वाढत सुरीसारखं मांसात जातं.

मुक्कामावर उपाय साधाच. कोमट मिठाच्या पाण्यात १५-२० मिनिटं पाय, मग बोटांच्या फटींसकट कोरडा. नख मऊ असतानाच कापसाची बारीक वात कोपऱ्याखाली सरकवायची आणि रोज बदलायची. बाजूचं मांस चिकटपट्टीने नखापासून ओढून पट्टी तिरकी खाली न्यायची. अंगठ्याभोवती गोल आवळली की सूज चढते. उद्या बूट नाही, पुढून उघडी चप्पल. ब्लेडने कोपरा कोरणारे हौशी हात मात्र आम्ही अडवतो. दोन दिवस हायसं वाटतं, पण नवं टोक आणखी खोल राहतं.

पू आला, कडेला लाल, लगेच रक्त येणारं मांस वाढलं, की पेटीचं काम संपलं. टोक आत असेपर्यंत नुसत्या अँटिबायोटिकने भागत नाही. मधुमेह्यांनी तर पहिल्याच दुखण्याला डॉक्टर गाठावा.

डॉक्टर अंगठ्याच्या मुळाशी दोन्ही बाजूंना बधिर करणारं लिग्नोकेन टोचतात. खरं दुखतं ते तेवढंच. रक्त थांबवायला मुळाशी रबरी पट्टा आवळून रुतलेली ३-४ मिलिमीटरची कड उभी, मुळापर्यंत कापून काढतात. सगळं नख काढायची गरज सहसा नसते. मग तिथलं मूळ फिनॉल या रसायनाने जाळतात. जागा रक्ताने ओली असली तर फिनॉल पातळ होतं, मूळ अर्धवट जळतं आणि नख पुन्हा रुततं. पट्टा शेवटी सुटलाय ना, हे रुग्णानेही बघावं.

त्यानंतर जखम २ ते ४ आठवडे पाझरते, म्हणून हे वैशाखातच उरकलेलं बरं. ज्येष्ठाच्या अखेरीस करून आलेल्याला आम्ही टाळ देऊन टेम्पोत बसवतो.