तलवारबाजी आणि सेंटर गार्ड

नाशिकमध्ये माझ्याकडे सरावाला येणाऱ्या मुलांचे पालक दबक्या आवाजात विचारतात, की सेंटर गार्ड, म्हणजे जांघेतल्या नाजूक भागावरचे कवच, लागतोच का? तलवारबाजीच्या तीन प्रकारांपैकी फॉइल आणि एपी खेळणाऱ्या मुलाने तो घालावाच, असे माझे ठाम मत आहे. फॉइलमध्ये जांघेपर्यंतचे धड आणि एपीमध्ये संपूर्ण शरीर लक्ष्य असते. तिसऱ्या प्रकारात, सेबरमध्ये, कमरेवरचाच भाग धरतात, तरी चुकलेला वार खाली उतरतोच. पोशाखाचे ८०० न्यूटनचे (भोसकण्याला किती टिकते याचे माप) कापड पाते आत शिरू देत नाही, पण दणका शोषून घेत नाही. गेल्या पावसाळ्यात माझा एक विद्यार्थी, समोरच्याने लंज (पुढचा पाय लांब टाकून केलेला वार) मारला त्याच क्षणी पुढे सरकल्यामुळे, पिस्टवर, म्हणजे खेळण्याच्या पट्टीवर, गुडघे टेकून कितीतरी वेळ श्वास रोखून बसला होता. क्रिकेटचा गार्डही चालतो. मात्र तो घट्ट सपोर्टरमध्ये बसवून, लंज घेताना मांडीला काचत नाही ना, हे आधी पाहावे.