इम्पोर्टच्या दोन ओळी

आमच्या वेबसाइटच्या जावास्क्रिप्ट कोडची साडेतीन हजार ओळींची एकच फाईल मी तीन आठवडे खपून बावीस फायलींत वाटली होती. आठवडाभर सगळं नीट चाललं. मग एका सकाळी डिप्लॉय झालं, म्हणजे नवा कोड साइटवर चढला, आणि पान पांढरंफटक! ना मेनू, ना लॉगिन. ब्राउझर चुका दाखवतो त्या कन्सोलमध्ये एकच लाल ओळ: 'स्टेटस' तयार होण्याआधीच वापरलं, म्हणून रेफरन्स एरर.

आदल्या दिवशीच्या कमिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांच्या नोंदीत, माझ्या सहकारिणीने मुख्य फाईलमधले इम्पोर्ट, म्हणजे दुसऱ्या फायलींतून कोड मागवणाऱ्या ओळी, वर्णानुक्रमे लावले होते. 'यूझर' फाईलची ओळ खाली गेली, 'ऑर्डर'ची वर आली. एवढंच.

"अगं, बाकी काही हलवलंस का?"

"फक्त ओळीच हलवल्या, खरंच." ती रडवेली झाली होती.

ओळी पूर्ववत करून पान लगेच उघडलं असतं, पण तेवढ्यावर थांबायला मन घेईना. कागदावर बाण काढत बसलो. ऑर्डर यूझरकडून मागते, यूझर ऑर्डरकडून. वर्तुळ! २०१५ पासून जावास्क्रिप्टमध्ये असलेले मॉड्यूल, म्हणजे एकमेकींकडून इम्पोर्ट करणाऱ्या अशा फायली, अशा वर्तुळाला नाही म्हणत नाहीत. पण वर्तुळात ज्या फाईलमधून शिरावं, ती सर्वांत शेवटी चालते. आधी यूझरमधून शिरायचो, त्यामुळे ऑर्डर पहिली चालायची आणि तिच्यातला स्टेटस हा कॉन्स्ट (एकदाच मूल्य दिलेलं नाव) वेळेत तयार असायचा. ऑर्डरला यूझरकडचं जे लागायचं ते फंक्शनच्या आत, म्हणजे ते बोलावल्यावर, नंतर. आता ऑर्डरमधून शिरलो, यूझर आधी चालली आणि तिने वरच्याच ओळीत स्टेटस वाचला. तिथे साधं फंक्शन डिक्लरेशन असतं तर निभावलं असतं, कारण ते मॉड्यूल चालण्याआधीच तयार असतं. कॉन्स्टचं तसं नसतं. यूझरच्या टेस्ट होत्या, ऑर्डरच्या लिहायच्या राहिल्या होत्या, त्यामुळे ऑर्डरमधून शिरून कधी पाहिलंच नव्हतं. ती चूक माझी.

स्टेटस उचलून तिसऱ्या फाईलमध्ये ठेवला. ती फाईल कुणाकडूनच काही इम्पोर्ट करत नाही, दोघी तिच्याकडून घेतात. कोडमधल्या चुका शोधणाऱ्या ईएसलिंट या साधनाच्या इम्पोर्ट प्लगइनमधला, अशी वर्तुळं पकडणारा नो-सायकल नियमही चालू केला. त्याने आणखी एक वर्तुळ दाखवलं, तेही तोडलं.

संध्याकाळी सहकारिणीने मुद्दाम त्या दोन ओळींची अदलाबदल केली आणि पान रिफ्रेश केलं. मग परत उलट करून पुन्हा. दोन्ही वेळा लॉगिन समोर आलं.